गाठ सुटली नव्हती, तात्या

तात्या,

वेल्ह्याच्या एसटी स्टँडसमोर तुमचा फ्लेक्स लागलाय. फेटा बांधून तुम्ही हसताय आणि खाली लिहिलंय, 'प्रेमळ, मनमिळाऊ, सर्वांचे आधारवड'. मी वाचला आणि पुढं गेले. संतोषदादा मागनं आला आणि म्हणाला, तुला पत्रकं लिहायची सवय आहे, तर तात्यांवर चार चांगले शब्द लिही, महिन्याच्या दिवशी छापून वाटू. मी म्हटलं, माझ्याकडं चांगले शब्द नाहीत. तो म्हणाला, मग असतील तसे लिही. तुमचा मुलगा तुमच्यापेक्षा शहाणा निघाला.

असतील तसेच लिहितेय. वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही पुन्हा सांगते. तुम्ही माझे थोरले मामा. तुमच्या पाठीवर माझी आई, आणि तिच्या पाठीवर बबनमामा, ज्याच्या डोक्यात विशीतच काहीतरी बिघडलं आणि जो सांगितल्याशिवाय उठून चालायला लागायचा. त्या सख्ख्या धाकट्या भावाच्या दोन्ही पायांत तुम्ही नऊ वर्षं दोरी बांधलीत. दोन घोट्यांच्या मध्ये दीड वीत. तेवढ्यात माणूस चालतो, पाणी आणतो, शेणगोठा करतो. पळू शकत नाही, बांध उतरू शकत नाही, एसटीची पायरी चढू शकत नाही. भात लावल्यावर वाडीत ओढाळ गुराला जसा पायबंद घालतात, तसाच. तुम्ही मेलात म्हणून ती दोरी अर्ध्या वितीनं वाढत नाही.

तुम्हाला हे तोंडावर सांगितलं होतं, तेव्हा पाठीमागं बोलतेय असं समजू नका.

घरात बांधून ठेवलेल्यांना सोडवणाऱ्या आमच्या संस्थेसाठी मी पहिलं पत्रक लिहिलं, 'घरातले कैदी' नावाचं. तुमचं नाव घातलं नव्हतं, पण वेल्ह्यात कुणाला कळायचं राहिलं नाही. तुम्ही चौथी शिकलेले. ओसरीत बसून बोट ठेवत ठेवत अख्खं वाचलंत. मला वाटलं, आता उठाल, ओरडाल. तुम्ही एका शब्दावर नख ठेवलंत. मी लिहिलं होतं, साखळदंडात जखडलेला भाऊ.

"साकळी कुठं हाय हितं?" तुम्ही विचारलंत. "दोरी हाय. लिवायचं तर खरं लिव."

मी म्हणाले, बांधणं ते बांधणं. तुम्ही म्हणालात, साखळी घोटा सोलते, दोरी सोलत नाही, म्या घायपाताची वळलीय आन् वर तुझ्या मामीचं जुनं लुगडं गुंडाळलंय, जाऊन हात लावून बघ. मी गेले नाही. तुमच्या दोरीचा मऊपणा तपासायला मी नव्हते आले. पण दुसऱ्या आवृत्तीत 'साखळदंड' काढून 'दोरी' केलं, हे आज कबूल करते. तुम्ही ती आवृत्तीसुद्धा वाचली होती. मान हलवलीत, जशी शाळामास्तर हलवतो. त्या दिवशी तुमचा जितका राग आला तितका बांधल्याबद्दलही आला नव्हता.

मग तो इंग्रजी शब्द. आमच्या पुण्याच्या ऑफिसात एक ताई आहेत, त्यांनी वरती पाठवायचा अहवाल इंग्रजीत केला. त्यात बबनमामासाठी शब्द घातला 'हॉबल'. मला तो माहीत नव्हता. भोरच्या वाचनालयात जाऊन जाड कोश काढला आणि वहीत उतरवून घेतलं. लंगडत, अडखळत चालणं. घोड्याचे पाय एकमेकांना असे बांधणं की त्याला चरता यावं पण पळता येऊ नये. त्या दोरीलाही तेच नाव. कुणाच्या कामात खोडा घालणं, तेही तेच. जुन्या काळी अडचणीत सापडण्यालाही म्हणत. आणि सगळ्यात शेवटी, विलायतेतल्या बायकांचा एक घागरा, घोट्याशी इतका आवळलेला की तो नेसून बोटभर पावलं टाकावी लागत. कुणालाही वाटेल, एवढं सगळं एका शब्दात कशाला. मला ते आवडलं. मला वाटलं, हा शब्द तुमच्यासमोर वाचला की तुमची मान खाली जाईल. माणसाला गुरासारखं वागवता हे साता समुद्रापलीकडच्या भाषेतसुद्धा नोंदलं गेलंय, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

तुम्ही विळ्याला धार लावत होतात. ऐकून घेतलंत सगळं. मामी चुलीपासनं कान देऊन होती.

"म्हंजी त्यांच्यात बी हाय," तुम्ही म्हणालात.

घागऱ्याचं तुम्ही दोनदा विचारलंत. कुणी बांधायचं नाही, त्या आपल्या आपणच नेसायच्या? मी म्हटलं, हो, फॅशन होती. तुम्ही मामीकडं वळून म्हणालात, ऐकलं का गं, तुला आणू का एक. मामी म्हणाली, आणा की, मंग पाणी तुमी भरा. दोघं हसलात. बबनमामाही हसला, गोठ्याच्या दारात उभा राहून, कशाला ते त्याला ठाऊक नसताना. मी वही मिटली. माझ्या सगळ्या संतापाची तुम्ही तुमच्या घरातली करमणूक केलीत.

जाताना तुम्ही एवढंच म्हणालात, बाकी सगळं लागू पडतंय, पण माझा बबन लंगडत न्हाई, दोरी मापात हाय. ते खरं होतं. तेव्हा तो लंगडत नव्हता.

आता बेंदराचं. हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

बेंदराला वाडीतल्या सगळ्या बैलांची जुनी दावी, जुन्या वेसणी काढतात, अंघोळ घालतात, शिंगं रंगवतात, पुरणाचा घास देतात. तुम्ही त्या दिवशी बबनमामाचीही दोरी सोडायचात. त्याच्या घोट्यांना तेल-हळद लावायचात. पहिली पोळी बैलांना, दुसरी त्याला. मग तो दिवसभर मोकळा फिरायचा आणि तुम्ही त्याच्या मागं दहा पावलांवर. ओढ्याला जायचा, देवळात जायचा, वेल्ह्याच्या बाजारात जायचा, तुम्ही मागं. लोक हात जोडायचे. काय भाऊ हाय, म्हणायचे. आणि दिवेलागणीला, बैलांना नवी दावी बांधून झाली की, त्याला नवी दोरी. तो स्वतः पाय पुढं करायचा.

मला ते तुमच्या सगळ्या पापात मोठं वाटायचं. उरलेलं वर्षभर तुम्ही निदान निमूट बांधत होतात. त्या एका दिवशी तुम्ही त्याचा सण करायचात. भावाला बैलाच्या रांगेत बसवून वर गावाकडनं वाहवा घ्यायची. म्हणून मी ठरवलं की दोन वर्षांपूर्वीच्या बेंदराला दोरी तुम्ही सोडायची नाही, मी तोडायची. तुमच्या हातची दया म्हणून त्याला मोकळीक मिळू द्यायची नाही. सकाळी पहिल्या एसटीनं आले. तुम्ही बैल घेऊन ओढ्यावर गेला होतात. गोठ्यातला विळा घेतला, दोरी कापली, कापलेले दोन तुकडे त्याच्या हातात देऊन मोबाईलवर फोटो काढला. तो पायांकडं बघत होता. मग फोटो ऑफिसला पाठवायला निघाले. वाडीत रेंज नाही, ती देवळाच्या चौथऱ्यावर येते. फोटो जायला किती वेळ लागला असेल? माणूस वाडीतनं निघून फाट्यावर पोचेल एवढा.

रस्त्यात त्याला कितीतरी जणांनी पाहिलं. इतर कुठल्याही दिवशी बबन दोरीशिवाय दिसला असता तर लोकांनी हाताला धरून घरी आणला असता. त्या दिवशी कुणी धरला नाही. बेंदूर आहे, तात्यांनी सोडलाय, तात्या मागनं येतच असतील. एसटीच्या कंडक्टरनंसुद्धा असंच समजून त्याला बसू दिलं. साऱ्या तालुक्याला तुमच्या त्या दहा पावलांची सवय झाली होती आणि मी ज्या सणाची इतकी चीड धरली, त्याचंच भान मला राहिलं नाही.

कापूरहोळला उतरला आणि हायवेच्या कडेनं उलटा चालायला लागला. कुठल्यातरी टेम्पोनं उडवला. उजवा पाय मांडीत मोडला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे होते. आई, मामी, संतोषदादा, वाडीतले चौघं. कसा काय सुटला, असं कुणीतरी विचारलं. मी तोंड उघडलं होतं, तात्या. खरंच उघडलं होतं. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "गाठ सुटली. माझ्याच हातची, ढिली बसली."

तुमची गाठ. बैलाच्या जोराला न सुटणारी, साऱ्या वाडीनं तुमच्याकडनं शिकून घेतलेली. वाडीतल्या एकानं डोळे वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातले. मी तोंड मिटलं. तुम्ही मिटवलंत म्हणून नाही. मिटायला मिळालं म्हणून मिटलं.

याबद्दल मी तुमचे आभार मानावेत असं आईला वाटतं. मी मानणार नाही. तुम्ही मला वाचवलंत असं तुम्हाला वाटलं असेल. तुम्ही मला गप्प केलंत. पुढं पाय जुळला पण आखूड जुळला, आणि बबनमामा लंगडायला लागला. तुम्ही पुन्हा दोरी बांधली नाहीत, कारण गरज उरली नव्हती. लांब जाऊच शकत नव्हता तो. आमच्या अहवालात त्याच्या नावापुढं 'मुक्त' लिहिलं गेलं. तो फोटो मात्र मी कुठल्याच पत्रकात छापू दिला नाही. आणि तुम्ही, मनमिळाऊ, प्रेमळ, एकदा मी आले असताना, तो अंगणातनं पाय ओढत जात होता तेव्हा, अगदी साध्या आवाजात विचारलंत, "त्या तुज्या विंग्रजी शब्दाचा पयला अर्थ कंचा गं व्हता?"

एसटी आहे म्हणून उठले. एसटीला तास होता.

तुम्ही दुष्ट होतात असं लिहून मोकळं होता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण भोरच्या कॉलेजात नाव घालायला मला तुम्हीच नेलं होतं. वडील नको म्हणत होते. तुम्ही पिशवीत कागद घेऊन, ऑफिसबाहेर चपला काढून, दुपारपर्यंत उभे होतात. कारकून म्हणाला, चपला घाला हो, हे काय देऊळ आहे का. तुम्ही म्हणालात, असू द्या. मला मोकळं करणारा आणि भावाला बांधणारा एकच माणूस होता, हे माझ्या डोक्यात अजून नीट बसत नाही. बसवायचा प्रयत्नही मी सोडलाय.

आता तुमच्या तेराव्याचं सांगते, ते तुम्हाला ठाऊक नाही.

जेवणं झाल्यावर ओसरीत बसलो. बबनमामाचं काय, हा प्रश्न होता. तुम्ही गेल्यापासनं तो दोनदा निघाला होता. लंगडत का होईना, फाट्यापर्यंत पोचला होता. संतोषदादा म्हणाला, मी पुण्याला असतो, आई एकटी, तिच्यानं त्याच्या मागं फिरणं होत नाही. कुणीतरी म्हणालं, मग तात्यांनी केलं तेच करायचं. नवी दोरी वळायला कुणाला सांगायचं, इथपर्यंत बोलणं गेलं. तो तिथंच बसला होता, भिंतीला टेकून, पाय पसरून. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.

मी उभी राहिले. म्हणाले, त्या दिवशी तात्यांची गाठ सुटली नव्हती. मी विळ्यानं दोरी कापली होती. त्याचा पाय माझ्यामुळं गेलाय, तेव्हा आता त्याला पुन्हा बांधायचं असेल तर आधी मला विचारा.

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. कुणी रागावेल, आई रडेल. मामीनं पदर सावरला.

"ठावं हाय आमाला," ती म्हणाली. "कापल्याली दोरी आन् सुटल्याली दोरी, येवढं कळत न्हाई व्हय? ह्यांनी तुकडं चुलीत घातलं त्याच दिशी. म्हनले, पोर हाय, आयुष्यभर मनात वागवील, बोलू नगा कुनी."

दोन वर्षं, तात्या. सगळी वाडी मला बघत होती आणि गप्प बसत होती. मी 'मौन सोडा' म्हणून पत्रकं वाटत फिरत होते आणि ज्यांना वाटत होते ते सगळे माझ्यासाठी मौन पाळून होते. माझी एवढी शोभा आजवर कुणी केली नाही.

मी चिडून मामीला विचारलं, मग आणखी काय काय लपवलंय तेही सांगून टाका. मामीनं आईकडं पाहिलं. आईनं मान खाली घातली. मग मामी बोलली.

बबनमामा भटकत नव्हता. दोरी बांधायच्या आधी तो जेव्हा जेव्हा निघायचा तेव्हा एकाच रस्त्यानं निघायचा, नसरापूरवरनं कामथडीला. आमच्या घरी. आईकडं. त्याला बहिणीकडं राहायचं होतं, बस. माझ्या वडिलांनी त्याला दारातनं परत लावला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी हात उचलला. मी तेव्हा भोरला कॉलेजात. आई आत होती, ऐकत होती. तो घरी आला तेव्हा त्याचा ओठ फुटला होता. त्या रात्री नाही, दुसऱ्या सकाळी तुम्ही घायपात भिजत घातलात.

"आक्काचा संसार मोडंल म्हनून," मामी आईकडं बघून म्हणाली. "दुसरं काय न्हाई."

मला सांगायचं नाही, असंही तुम्हीच ठरवलं होतंत. पोरगी बापाला मानते, म्हणे.

तात्या, आता ऐका. तुमच्यावरचा माझा राग यानं कमी होईल असं मामीला वाटलं. तो वाढला. मारणाऱ्याला तुम्ही सोडलंत आणि मार खाणाऱ्याला बांधलंत. वडिलांच्या दारात उभं राहून एक शब्द बोलायचा होता. वाडीत तुमच्या शब्दाला किंमत होती, पंचात तुम्ही बसायचात. पण जावयाला बोलायचं नाही. जावयाचा मान. तो मान सांभाळायला तुम्ही नऊ वर्षं भावाचे घोटे वापरलेत. आणि कापूरहोळला उतरून तो उलटा चालत होता तो वाट चुकून नव्हे. आमचा थांबा मागं गेला म्हणून. आमच्या घरी येत होता तो. वडील जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. वर्षभर त्याला कुणीही आणून सोडू शकलं असतं. तुम्हीसुद्धा. सवय झाली होती ना? दोरीची सवय बांधलेल्यापेक्षा बांधणाऱ्याला जास्त होते, हे माझ्या पुढच्या पत्रकात येईल, आणि हे वाक्य तुम्हाला खोडता येणार नाही.

आई त्या ओसरीत उठली. इतक्या वर्षांत तिला स्वतःहून उठताना मी पाहिलं नव्हतं. बबनमामासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "बबन, येतूस का माझ्याकडं?" तो लगेच उठला, चप्पल शोधायला लागला.

त्याला कामथडीला आणलाय. डॉक्टरांच्या गोळ्या चालू केल्यात. दोरी नाही, कुलूप नाही. हे मी ठासून सांगते, कारण वाडीत पैजा लागल्यात म्हणे. आमच्या घरापासनं हायवे दोन मिनिटांवर आहे. आई दिवसभर उंबऱ्यात बसून असते. मी ऑफिसात सांगितलंय की महिनाभर दौरे करणार नाही. पहिले चार दिवस तो खूश होता. बहिणीच्या हातचं खायचा, झोपायचा. मला वाटलं, बघा, एवढंच हवं होतं त्याला, इतकं सोपं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी तो निघाला.

मी मागं गेले. एक गोष्ट लिहिते, ती कुठल्याही पत्रकात लिहू शकणार नाही: तो लंगडतो म्हणून मी त्याला गाठू शकले. धड पायांचा असता तर हायवेला कधीच पोचला असता. त्याच्या त्या आखडत्या पावलांचा मला आधार वाटला, तात्या. क्षणभर, पण वाटला. तुम्हाला रोज कसं वाटत असेल ते मला कळलं, आणि कळल्याबद्दल तुमचा आणखी राग आला.

तो वेल्ह्याकडं जाणाऱ्या एसटीच्या थांब्यावर उभा राहिला. मी शेजारी उभी राहिले. विचारलं, मामा, कुठं? आजवर त्याला हे आपल्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. तुम्ही नाही, मी नाही. माझ्या तीन पत्रकांत त्याचं वय होतं, दोरीचं माप होतं, त्याचं बोलणं कुठंच नव्हतं.

"तात्याकडं," तो म्हणाला.

मी त्याला समजावलं. हळू आवाजात, जसं लहान मुलाला. म्हटलं, मामा, तात्या गेले. आपण त्यांना पोचवलं, तू पाणी सोडलंस. आता ते तिथं नाहीत.

तो माझ्याकडं बघत राहिला, मलाच काही समजत नाही अशा नजरेनं.

"ठाव हाय," तो म्हणाला. "बैलं बांधून असत्याल. त्यास्नी सोडाया कोन हाय?"